हलका गोळा

गोळा जड घ्यावा कीं हलका, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खेळांतला आहे. मुंबई-पुण्याकडील बोलिंगच्या दालनांत सुटीच्या दिवशीं जाणाऱ्या कुटुंबांपुढें तो दर वेळीं उभा राहतो. कडेच्या मांडणीवर रंगीबेरंगी गोळे ओळीनें ठेवलेले असतात. आकारानें सारे जवळजवळ सारखेच. पण एकावर ८ चा आंकडा, दुसऱ्यावर १२ चा, तिसऱ्यावर १६ चा. हा आंकडा वजनाचा असतो, व तें वजन रत्तलांत मोजलेलें असतें. एक रत्तल म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम. घरांतील तरुण मुलगा सरळ १६ चा गोळा उचलतो, कारण त्याहून जड गोळा तेथें नसतोच. वडील मंडळींपैकीं कोणी १० चा घेतला तर त्यांचें थोडें हंसूं होतें. पुढें मात्र पुष्कळदां असें दिसतें कीं, तरुणाचा गोळा दोन-चार फेकींनंतर कडेच्या पन्हळींत जाऊं लागतो, आणि वडिलांचा गोळा सावकाश पण सरळ जाऊन पिना पाडीत राहतो.

जड तें बळकट व हलकें तें कमजोर, ही समजूत मनुष्याच्या मनांत खोल रुजलेली आहे. आपल्या भाषेंतहि ती उतरली आहे. भारदस्त माणूस, वजनदार शब्द, ही स्तुति. हलक्या कानाचा, हलक्या वृत्तीचा, ही निंदा. खेळांत या समजुतीची किंमत फार तर एखाद्या डावाची हार किंवा दुखावलेला खांदा एवढीच द्यावी लागते. परंतु हाच प्रश्न एके काळीं खेळाचा नसून प्राणाचा होता. 'गोलंदाज' हा शब्द ऐकतांच आज आपल्या डोळ्यांपुढें क्रिकेटचा खेळाडू येतो. तोच शब्द मराठ्यांच्या कागदपत्रांतून वाचणाऱ्यास मात्र बुरुजावर किंवा गलबताच्या नाळीवर बत्ती घेऊन उभा असलेला शिपाई दिसतो. त्या जुन्या गोलंदाजालाहि गोळ्याच्या वजनाचाच विचार करावा लागे, आणि तो विचार चुकला तर डावाबरोबर राज्यहि जाई. म्हणून खेळांतील प्रश्नाचें उत्तर आधीं त्या इतिहासांत शोधणें योग्य होईल. आणि त्यासाठीं मालवणच्या किनाऱ्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं.

मालवण तालुक्यांतील धामापूर हें गांव तेथील तलावासाठीं प्रसिद्ध आहे. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनीं तो १५३० सालीं बांधविला असें सांगतात. दोन डोंगरांमधील घळ बांध घालून अडविली, आणि तो बांध जवळजवळ पांच शतकें पाणी धरून उभा आहे. २०२० सालीं जागतिक सिंचन संस्थेनें या तलावास वारशाचा मान दिला. कांठावर भगवतीचें देऊळ आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें या बांधाचा एक गुण मोठा आहे, तो म्हणजे त्याचें वजन. पाणी त्याला अहोरात्र ढकलीत असतें, आणि तो आपल्या भारानें जागचा हालत नाहीं. त्यांतील माती व दगड अर्ध्यावर आणले तर तो बांधच राहणार नाहीं. ज्या वस्तूला हलावयाचें नाहीं तिचें वजन हा तिचा गुणच होय. ज्या वस्तूला हलावयाचें आहे, फिरावयाचें आहे, फेकावयाचें आहे, तिच्या वजनाचा मात्र हिशेब मांडावा लागतो. या दोहोंत गल्लत झाली म्हणजे काय होतें, हें पुढील तीनशें वर्षांच्या तोफखान्यानें दाखवून दिलें.

धामापूरचा बांध होत होता त्याच सुमारास तोफ या देशांत आपलें स्थान पक्कें करीत होती. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला होता, व त्यांच्या जहाजांवरील तोफा या किनाऱ्याला परिचित झाल्या होत्या. १५२६ सालीं बाबरानें पानिपतावर तोफांच्या साह्यानें दिल्लीची पातशाही घेतली होती. दक्षिणेंतील सुलतानांनींहि तोफेचें महत्त्व ओळखलें. परंतु आरंभीं त्यांनीं तें वजनांत मोजलें. १५४९ सालीं अहमदनगर येथें महंमद बिन हसन रूमी या कारागिरानें ओतलेली 'मलिक-ए-मैदान', म्हणजे आपली मुलूखमैदान तोफ, हें त्याचें सर्वांत मोठें उदाहरण होय. तिचें वजन सुमारें ५५ टन असून नळीचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक आहे. तीमध्यें बसेल असा भरीव लोखंडी गोळा ओतला तर हिशेबानें तो एक टनाहूनहि जड होईल. ती परंड्याहून विजापुरास आणतांना शेंकडों बैल व हत्ती लागले, असें परंपरा सांगते. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाजानें शेजारच्या पाण्याच्या टांकींत बुडी मारावी, नाहीं तर आवाजानेंच त्याचे कान जातील, अशीहि एक कथा आहे. कथा खरी असो वा नसो, तींतील मर्म खरें आहे. जें हत्यार चालविणाऱ्यालाच त्यापासून पळावें लागतें, तें त्याच्या कह्यांतलें हत्यार नव्हे. विजापूरच्या बुरुजावर ही तोफ आजहि आहे. धामापूरच्या बांधाप्रमाणें तीहि हलत नाहीं. फरक एवढाच कीं, बांधाचें कामच न हलण्याचें होतें. मोठ्या आवाजाच्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतों, त्यांत कौतुकाबरोबर थोडी थट्टाहि असते, ती उगीच नव्हे.

आतां किनाऱ्याकडे वळूं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं मालवणच्या समुद्रांतील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, व सुमारें तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. किल्ला ही न हलणारी वस्तु. तेथें जड तट, जड बुरूज व जड तोफा योग्यच होत्या. परंतु किल्ल्याच्या आश्रयानें समुद्रांत फिरणारें आरमार हें अगदीं निराळें प्रकरण होतें. त्याचें वर्णन अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें करून ठेवलें आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें, मोठ्या गुराबा फार तर ३०० टनांपर्यंतच्या असत. नाळीच्या बाजूस पुढें तोंड करून ९ किंवा १२ रत्तली गोळ्याच्या दोन तोफा, व कडेस ६ ते ९ रत्तली गोळ्याच्या तोफा, असा त्यांचा साज असे. गलबतें याहून लहान, क्वचितच ७० टनांहून अधिक. त्यांवर खुंटीवर फिरणाऱ्या जंबुऱ्यांसारख्या लहान तोफा असत, आणि त्यांतील मोठ्या गलबतांवर २ ते ४ रत्तली गोळ्याच्या सहा-आठ तोफा. चाळीस-पन्नास वल्हीं असल्यामुळें वारा पडला तरी गलबत ताशीं चार मैल चाले.

दोन रत्तलांचा गोळा! युरोपांतील लढाऊ जहाजांवर २४ व ३२ रत्तली गोळे उडत होते, त्या काळांत आंग्र्यांचें आरमार दोन-चार रत्तलांचे गोळे घेऊन समुद्रांत उतरे. कोणी म्हणेल, मोठ्या तोफा मिळाल्या नसतील. तोफांची अडचण मराठ्यांना होती, हें नाकारतां येत नाहीं. पण मुख्य कारण नुसती टंचाई नव्हे. गोळा पुढें जातो तेव्हां तितक्याच जोरानें तोफ मागें रेटली जाते. तो रेटा झेलण्यासाठीं जड तोफ, जड गाडा, जाड फळ्यांचें तक्तपोस व त्या सर्वांना पेलणारें मोठें जहाज, अशी एकामागून एक साखळी लागते. सत्तर टनांच्या गलबतावर चोवीस रत्तली तोफ ठेवली तर तें वल्ह्यांनीं चालणार नाहीं. आणि उथळ खाड्यांत शिरणें, वारा पडतांच शत्रूच्या मागें जाणें, संकट दिसतांच पाय काढणें, हे त्याचे सारे गुण नाहींसे होतील. शिवाय या आरमाराचें उद्दिष्टहि निराळें होतें. जहाज फोडून बुडविल्यानें हातीं कांहींच लागत नाहीं. गुराबा शत्रूच्या पिछाडीस जात, कारण तेथें त्याच्या कडेच्या तोफा पोंचत नसत. तेथून डोलकाठ्या, शिडें व दोर यांवर मारा करून त्या जहाजाला लुळें करीत, आणि मग गलबतांतील माणसें चारी बाजूंनीं वर चढत. दोर तोडावयास व शीड फाडावयास बत्तीस रत्तलांची गरज नाहीं. काम कोणतें आणि तें करणारा कोण, हे दोन प्रश्न आधीं विचारून मग गोळ्याचें वजन ठरविलें होतें, एवढाच याचा अर्थ. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले, तोंपर्यंत इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनाहि या हलक्या गोळ्यांची धास्ती बसली होती. १७२१ सालीं दोघांनीं मिळून कुलाब्यावर केलेली मोहीम फसली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

परंतु हलकेपणा हा स्वतः कांहीं मंत्र नव्हे, हेंहि याच आरमारानें दाखविलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन याचें आरमार, क्लाइव्हची फौज व पेशव्यांचें सैन्य यांनीं तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. वॉटसनच्या काफिल्यांत ७० तोफांचें केंट यासारखीं मोठीं जहाजें होतीं. तुळाजींचीं गलबतें व गुराबा त्या वेळीं किल्ल्याच्या आसऱ्यास एकमेकांना लागून नांगरलेल्या होत्या. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, आणि पाहतां पाहतां सारें आरमार जळून गेलें. हलक्या नावेचें सारें बळ तिच्या चालण्यांत असतें. ती नांगरून ठेवली म्हणजे ती नुसती लहान नाव उरते, आणि लहान नावेशीं जड गोळ्याचा सामना एकाच बाजूनें संपतो. त्यानंतरहि मालवणच्या खाड्यांतून निघणारीं कोल्हापूरकरांचीं गलबतें इंग्रजांच्या व्यापाराला सतावीत राहिलीं. त्यासाठीं मुंबईकरांना १७६५ सालीं सिंधुदुर्गावर स्वारी करावी लागली, आणि १८१२ च्या तहानें मालवण त्यांच्या हातीं आलें तेव्हांच हें प्रकरण मिटलें. मोठें आरमार एका दिवसांत जळालें. फिरतीं गलबतें मात्र पुढें अर्धशतक पुरलीं.

समुद्रावर हा हिशेब ज्यांना कळला होता त्या मराठ्यांना जमिनीवर मात्र तो १४ जानेवारी १७६१ रोजीं फार महाग पडला. पानिपतच्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत. उपासमार, एकटेपणा, दूरचा मुलूख, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तथापि शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला व लढाई डोळ्यांनीं पाहणारा काशीराज यानें एक लहानशी गोष्ट नमूद करून ठेवली आहे. मराठ्यांच्या तोफा फार मोठ्या व जड होत्या. त्यांचा रोख चटकन् बदलतां येत नव्हता. त्यामुळें शत्रु जवळ येऊं लागतांच त्यांचे गोळे त्याच्या डोक्यावरून जाऊन मागें दूर पडूं लागले. उलट अब्दालीच्या फौजेंत दोन हजारांवर उंट होते, आणि त्यांवर जंबूरक म्हणजे मोठ्या तोंडाच्या लांब बंदुका होत्या. जंबूरकाचा गोळा मराठ्यांच्या गोळ्यापुढें चिमुकला. पण उंट उठला, चार पावलें चालला, बसला कीं तोफ नव्या ठिकाणीं तयार. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनीं त्या दिवशीं मोठा पराक्रम केला, यांत शंका नाहीं. परंतु जेथें शत्रु नाहीं तेथें पडणारा गोळा कितीहि जड असला तरी त्याचें वजन शून्यच धरावें लागतें.

या सर्व प्रकाराचें शास्त्र तोंवर युरोपांत मांडलें गेलें होतें, आणि तें मांडणारा गृहस्थ हिंदुस्थानांतच वारला, हा एक चमत्कारिक योगायोग आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं तोफविद्येचीं नवीं तत्त्वें सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंवर गोळ्याचा वेग मोजण्याचें साधनच कोणाजवळ नव्हतें. सारा कारभार अदमासानें चाले. रॉबिन्सनें लाकडाचा एक जड ठोकळा लंबकाप्रमाणें टांगला, त्यावर गोळी मारली, ठोकळा किती मागें गेला तें मोजलें, आणि त्यावरून गोळीचा वेग काढला. या साध्या युक्तीनें दोन गोष्टी ठरल्या. पहिली ही कीं, वेगानें जाणाऱ्या गोळ्याला हवेचा अडथळा समजत होते त्याहून कितीतरी अधिक होतो, व सारख्या आकाराच्या दोन गोळ्यांत हलक्याचा वेग लवकर मरतो. दुसरी ही कीं, जवळच्या माऱ्यासाठीं लांब व जड तोफेचा आणि भरमसाट दारूचा अट्टाहास व्यर्थ आहे; आंखूड, हलकी, पण रुंद तोंडाची तोफ तेंच काम कमी दगदगीनें करते. पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून तो या देशांत आला व १७५१ सालीं मद्रास किनाऱ्यावरील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत निवर्तला. त्याच्या पश्चात् स्कॉटलंडांतील कॅरन कारखान्यानें 'कॅरोनेड' ही आंखूड तोफ काढली, आणि फ्रान्सांत ग्रिबोव्हाल यानें १७६५ च्या सुमारास मैदानी तोफांचीं नळकांडीं व गाडे हलके करून टाकले. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ग्रिबोव्हालनें गोळ्याचें वजन फारसें कमी केलें नाहीं. गोळा उडविण्यास जें लागत नाहीं तें वजन त्यानें काढून टाकलें. हलकें करणें म्हणजे कमी करणें नव्हे. निरुपयोगी ओझें टाकणें होय.

पानिपतच्या अनुभवानंतर महादजी शिंदे यांनीं हा धडा घेतला. १७८४ पासून द बॉयन या सरदाराच्या देखरेखीखालीं त्यांनीं कवायती पलटणी तयार केल्या, व आग्र्यास तोफा ओतविल्या. या तोफा बैलांनीं झपाट्यानें ओढतां येत व पलटणीबरोबर चालत. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या मैदानावर त्यांचा प्रताप दिसला. आर्थर वेलस्ली याच्या तोफांचे बैल मराठ्यांच्या माऱ्यानें मारले गेले, व त्याच्या तोफा मागेंच राहिल्या. शेवटीं त्यानें पायदळ घेऊन सरळ तोफांवर चाल केली. मराठी गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहींत. कित्येक मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले, आणि इंग्रज फळी पुढें जातांच उठून त्यांनीं तिच्या पाठीवर तोफा फिरविल्या. तोफ फिरवितां आली, हेंच त्या नव्या तोफेचें यश. मुलूखमैदान कोणाच्या पाठीवर फिरली असती? इंग्रजांचीं दीड हजारांहून अधिक माणसें पडलीं, आणि पुढें वॉटर्लू जिंकणारा हा सेनापति असईचा उल्लेख आपल्या सर्वोत्तम कामगिरीपैकीं एक म्हणून करीत असे. तरीहि लढाई मराठे हरले व त्यांच्या शंभराच्या आसपास तोफा शत्रूच्या हातीं गेल्या. शिंद्यांच्या नोकरींतील कित्येक युरोपियन अंमलदार लढाईपूर्वींच सोडून गेले होते. घोडदळ व पायदळ यांचा मेळ राहिला नव्हता. विजयदुर्गानें सांगितलेंच असईनें पुन्हां सांगितलें. योग्य वजनाचें हत्यार म्हणजे विजय नव्हे. तें चालविणारा हात व त्या हाताला दिशा देणारें डोकें, हीं दोन्हीं त्याच्या मागें लागतात.

तोफांची ही परंपरा ओसरल्यावर गोळा क्रीडांगणांत राहिला. शाळा-कॉलेजांच्या शर्यतींतील गोळाफेकीचा पुरुषांचा गोळा आजहि १६ रत्तलांचा, म्हणजे ७.२६ किलोंचा असतो. स्त्रियांचा ४ किलोंचा, व मुलांचे त्यांच्या वयाप्रमाणें हलके. क्रिकेटमध्यें गोळ्याचा चेंडू झाला, पण फेकणारा गोलंदाजच राहिला. त्या चेंडूचें वजन १७७४ सालीं साडेपांच ते पावणेसहा औंस असें ठरलें, तें पुरुषांच्या खेळांत आजतागायत तसेंच आहे. वजन बदलतां येत नाहीं, म्हणून क्रिकेटच्या गोलंदाजानें आपली सारी बुद्धि वेग व फिरक यांत घातली. पुण्याच्या मैदानावर इंग्रज फलंदाजांना तासन्‌तास चेंडू टाकून तयार झालेले पळवणकर बाळू हे डावखुरे संथ गोलंदाज होते. १९११ सालच्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले, ते जोराच्या बळावर नव्हेत. स्त्रिया व लहान मुलें यांच्या चेंडूचें वजन मात्र कमी ठेवण्यांत आलें, कारण हात लहान असतां चेंडू मोठा ठेवला तर कसब शिकण्याऐवजीं नुसती झटापट होते, हें अनुभवानें पटलें. आपल्या तालमींतहि हेंच तत्त्व आहे. मुलाच्या हातीं पहिल्या दिवशीं वस्तादाची जोडी कोणी देत नाहीं.

आतां आरंभींच्या बोलिंगच्या गोळ्याकडे परत येऊं. या खेळांत वजनाची निवड सर्वस्वीं खेळाडूवर सोपविलेली आहे. वरची मर्यादा तेवढी १६ रत्तलांची. फेकीच्या रेघेपासून पहिली पिन ६० फूट दूर असते. प्रत्येक पिन सुमारें साडेतीन रत्तलांची, व अशा दहा त्रिकोणांत उभ्या असतात. गोळा पिनेवर आदळला म्हणजे पिन जशी उडते तसा गोळाहि थोडा बाजूस ढळतो. जड गोळा कमी ढळतो व आंतल्या पिनांपर्यंत पोंचतो. हलका अधिक ढळतो व कोपऱ्यांतल्या पिना मागें ठेवतो. म्हणजे केवळ टकरीपुरतें पाहिलें तर जड गोळाच बरा. तरुण मुलाची समजूत अगदींच खोटी नाहीं.

पण टक्कर होण्यापूर्वीं गोळ्याला ६० फूट जावयाचें असतें, आणि त्याआधीं हातानें त्याला झोका द्यावयाचा असतो. समजा, एक खेळाडू १६ रत्तलांचा गोळा ताशीं १६ मैल वेगानें टाकतो, व १४ रत्तलांचा १८ मैल वेगानें टाकूं शकतो. वजन व वेग यांचा गुणाकार केला तर पहिल्याचा २५६ व दुसऱ्याचा २५२ येतो. म्हणजे रेटा जवळजवळ तोच. पण गोळ्याच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. त्या हिशेबानें पहिल्याचा आंकडा ४०९६, तर दुसऱ्याचा ४५३६. हलक्या गोळ्याची शक्ति सुमारें एक दशांशानें अधिकच. अर्थात् गोळा हलका करीत गेलें तर वेग त्याच प्रमाणांत वाढत राहत नाहीं. कारण हातालाहि स्वतःचें वजन आहे, व रिकामा हातसुद्धां एका मर्यादेपलीकडे वेगानें फिरत नाहीं. म्हणून प्रत्येकाच्या अंगमानाप्रमाणें एक मधलें वजन असतें, त्याच्या वर गेल्यास वेग व नेम जातो आणि खालीं गेल्यास आघात जातो. शरीराच्या वजनाच्या एक दशांश, असा एक ठोकताळा या खेळांत सांगतात. पण तो आरंभापुरता. खरी परीक्षा हाताची आहे. गोळा मागें नेतांना खांदा खालीं ओढला जातो, मनगट मागें वांकतें, किंवा गोळा रेघेवर धप्पकन् पडतो, तर तो जड आहे असें समजावें. उलट हात गोळ्याला आपोआप झोका देण्याऐवजीं हिसका देऊं लागला, तर तो फार हलका. दहाव्या फेकीलाहि पहिल्या फेकीसारखाच जो हातांतून सुटतो, तो आपला गोळा.

जे या खेळांत निष्णात आहेत त्यांचीच साक्ष यांत शेवटची मानावी. पूर्वीं १६ रत्तलांचा गोळा हीच कसलेल्या खेळाडूची खूण समजत. गेल्या शतकाच्या अखेरीस गोळ्याचें बाह्य कवच व आंतील गाभा यांत सुधारणा झाल्या. गोळा पाटावर अधिक पकड घेऊं लागला व योग्य कोनांतून पिनांत शिरूं लागला. तेव्हांपासून नांवाजलेले खेळाडूहि १५ रत्तलांवर, कोणी १४ वर उतरले आहेत. त्यांच्या अंगांतील जोर कमी झाला म्हणून नव्हे. जें काम पूर्वीं निव्वळ भारानें करावें लागे तें आतां घडणीनें होऊं लागलें म्हणून. ग्रिबोव्हालनें मैदानी तोफेचें जें केलें तेंच त्यांनीं आपल्या खेळाचें केलें.

'गोलंदाज' या शब्दांतील 'अंदाज' फारसींत फेकण्याचा वाचक आहे. गोळा फेकणारा तो गोलंदाज. मराठींत आल्यावर 'अंदाज' हा शब्द स्वतंत्रपणें अदमास या अर्थानें रूढ झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. पण व्यवहाराच्या दृष्टीनें ते एकत्र वाचण्यास हरकत नाहीं. गोळा फेकण्याचें बळ पुष्कळांच्या अंगीं असतें; आपल्या हातास कोणता गोळा पेलेल याचा अंदाज थोड्यांना असतो. आंग्र्यांच्या गलबतावरील गोलंदाजाला तो होता. दोन रत्तलांचा गोळा हातांत घेतांना त्याला लाज वाटली असेल असें दिसत नाहीं. म्हणून घरांतील कोणी वडील माणसानें मांडणीवरून १० चा गोळा उचलला तर तरुणांनीं हंसण्याची घाई करूं नये. आणि तरुणानें १६ चा ठेवून १४ चा घेतला तर त्यांत कमीपणा तर नाहींच, उलट शहाणपण आहे.